ढवळीच्या पोटातलं पाणी

"बोट दुरुस्त करायला जालन्याला चाललोय," असं मी आमच्या बंदरावरच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा एकाने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्याने विचारलं, "जालन्याला समुद्र कधी आला?" मी म्हटलं, समुद्र नाही, जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. "मग तिच्यात बोट नेऊन टाकली कोणी?" यावर मी चहा संपवून उठलो, कारण ती बोट मीच पाठवली होती.

ती हकिकत आधी सांगितली पाहिजे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. आता वर्कशॉप पुतण्या बघतो आणि मी त्याच्या चुका काढतो. माझी मुलगी सायली अंबड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात दिली आहे. जावई अविनाश अंबडच्या कोर्टात वकिली करतो. या गावाची अर्धी शेती नदीच्या पलीकडे आहे. पूर्वी उन्हाळ्यात माणसं पायी नदी ओलांडायची, पण खाली बंधारा झाला आणि पाणी बारमाही उभं राहिलं. मग लोकांनी थर्माकोलचे जाड तुकडे खताच्या गोण्यांत भरून बांधले आणि त्या तराफ्यावरून ये-जा सुरू केली. गेल्या वर्षी सायलीच्या शेजारच्या मीराबाई डोक्यावरच्या ओझ्यासकट त्यावरून पाण्यात गेल्या. वाचल्या, पण त्या संध्याकाळी सायलीने मला फोन केला आणि म्हणाली, "बाबा, एक बोट बघा."

मी आमच्या खाडीत माणसांची ने-आण करायला वापरलेली एक छोटी, बसक्या बांध्याची डिझेल बोट बघितली, तपासली आणि ट्रकवर चढवून पाठवली. पलीकडे शेती असलेल्या घरांनी मिळून ती घेतली. काही महिने उत्तम चालली आणि मग तिची गिअरबॉक्स बिघडली. इंजिन ओरडायचं, पण बोट जागची हलायची नाही. तेल बदललं की बरी व्हायची, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. असं दोनदा झालं.

"लोक म्हणतात, समुद्राची वस्तू नदीला मानवत नाही," सायली फोनवर म्हणाली. "कापसाची वेचणी तोंडावर आलीय. या वेळी नीट झाली नाही तर बोट विकणार आणि पुन्हा तराफे सुरू. मीराबाई म्हणतात, कापूस मातीत गेला तरी चालेल, मी तराफ्यावर पाय ठेवणार नाही. त्यांचं सगळं रान पलीकडेच आहे हो बाबा."

हे ऐकल्यावर कुठला बाप घरी बसेल? बायकोने पिशवीत काजू, कोकम आणि फणसपोळी भरली. मी तिच्या नकळत तळाला पाने, पकडी आणि गिअरच्या लाल तेलाचे डबे घातले.

अंबडची वाट

जालन्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. ढोपरं दुखली एवढंच. जालन्याहून अंबडच्या एसटीत बसलो तेव्हा खरा प्रवास सुरू झाला. आमच्या कोकणात पुढचं वळण काय दाखवील याचा भरवसा नसतो. इथे पुढचं गाव यायच्या खूप आधी दिसतं आणि मग बराच वेळ दिसतच राहतं. काळी जमीन, तिच्यावर पांढरा कापूस, मध्येच मोसंबीची हिरवीगार बाग आणि वर भलंमोठं आभाळ. एवढं आभाळ मी फक्त समुद्रावर पाहिलं होतं. उगाचच आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली. "पाव्हणं कुठले?"

"रत्नागिरीकडचा."

"मंग इकडं काहून आल्ते?"

"बोट दुरुस्त करायला."

त्यांनी आपली पिशवी हळूच पलीकडच्या मांडीवर घेतली.

अंबडला व्याही उत्तमराव जीप घेऊन उभे होते. सहा फुटी माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज असा की सबंध स्टँडला कळावं. "या इवाई! जल्दी बसा, घरी धपाटे गार होऊन राह्यलेत." माझी पिशवी उचलताना ते वाकले. "ह्यात काय लोखंड भरलंय का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. मुलीच्या बापाने सासरी येऊन पाना धरायचा हे त्यांना मुळीच पटत नव्हतं. "तुमी नुसतं सांगा, हात आमी लावतो. इवायानं काळं तेल अंगाला लावलं तर गाव आमाला काय म्हनंल?" वाटेभर आमची घासाघीस झाली. अखेर तह ठरला: दिवसभर मी नदीवर काय वाटेल ते करावं, पण दिवेलागणीच्या आत हात धुऊन पाहुण्यासारखं घरी यावं, चहा घ्यावा आणि चार लोकांत बसावं. मला तह सोपा वाटला. तोच मला पुढे नडला.

घरी विहीणबाईंनी, म्हणजे गयाबाईंनी, पायावर पाणी घालायला तांब्या दिला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी असं ताट होतं. आमटी अशी झणझणीत की कानातून वाफ निघाली. नदी हाकेच्या अंतरावर, पण घरात मासळी चालत नाही. नदीकाठी बसून मासा नाही हे दुःख मी पाहुणा म्हणून गिळलं. सायली समोर वाढत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, पण ते हसू तिचं नेहमीचं नव्हतं. बोट आणायचा हट्ट सुनेचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नदीवर

सकाळी नदी पाहिली. रुंद, हिरवट, शांत. भरती नाही, ओहोटी नाही, खारा वास नाही. पाण्याला कुठे जायची घाई नव्हती. काठावर बाभळीच्या खुंट्याला आमची बोट बांधलेली होती आणि तिला बघून मी तोंडात बोट घातलं. नाकावर कवड्यांची माळ, तिच्याखाली घुंगरं आणि दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा.

"पांढरी हाय म्हनून ढवळी नाव ठिवलं," रंगनाथ म्हणाला. हा उत्तमरावांचा चुलतभाऊ, बोट चालवणारा. जन्मभर बैल राखले. त्याची शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली तेव्हा बोट आली आणि उत्तमरावांनी ती त्याच्या हवाली केली. वाचलेल्या मीराबाईंना पाण्यातून ओढून काढणाराही हाच.

गिअरबॉक्सच्या झाकणाला तेल बघायची काडी असते. ती मी उपसून वर धरली. गिअरचं तेल स्वच्छ लाल असतं. काडीला लागलं होतं ते गुलाबी आणि फेसाळ होतं.

"तेलाचं ताक झालं की हो!" उत्तमराव म्हणाले. याहून नेमकं मीही सांगू शकलो नसतो. तेलात पाणी शिरलं आणि गिअरच्या चाकांनी ते घुसळलं की असंच होतं. तेलाची पकड जाते, आतल्या प्लेटा घसरतात आणि इंजिनाचा जोर पाण्याखालच्या पंख्यापर्यंत पोचत नाही.

तरी खात्री करावी म्हणून मी घरी येऊन गयाबाईंकडे तवा मागितला.

"माझा भाकरीचा तवा? त्येच्यात मशिनीचं तेल? बिलकुल न्हाई!" असं म्हणून त्यांनी अडगळीतून फुटक्या कढईचा तुकडा काढून दिला. तो चुलीवर तापवून मी आधी डब्यातल्या नव्या तेलाचा थेंब टाकला. नुसता धूर निघाला. मग बोटीतल्या तेलाचा टाकला, तर तो तडतडून असा उडाला की गयाबाई मागे सरकल्या.

"फोडणीत ओली मिरची पडल्यावानी झालं," त्या म्हणाल्या. "पानीच हाय."

पाणी आहे हे ठरलं. पण शिरतं कुठून? मी रंगनाथला विचारलं, "तू बोटीचं काही वेगळं करतोस का?"

"काय बी न्हाई, पाव्हणं. जनावरावानी जपतो तिला."

मी त्याच्या पाठीवर शाबासकी दिली आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. संशयित माझ्या डोक्यात तयारच होता. गिअरबॉक्सचं तेल तापतं, म्हणून ते एका पितळी नळकांड्यातून फिरवून गार करतात. त्याला कूलर म्हणतात. त्याच नळकांड्यात बारीक नळ्यांतून नदीचं पाणी वाहत असतं. नळी फुटली की तेल आणि पाणी एक होतं. आमच्याकडे खाऱ्या पाण्याने कूलर खाल्ला जाणं ही रोजची रड आहे. त्या संध्याकाळी चहाला जमलेल्या मंडळींसमोर मी जाहीर केलं, "कूलर गेलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही माझाच आवाज फार आवडला.

हुसेनभाईंचा टब

कूलर तपासायचा सोपा उपाय म्हणजे एक तोंड बंद करायचं, दुसऱ्या तोंडातून हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचं. बुडबुडे आले की भोक सापडलं. त्यासाठी अंबडला स्टँडजवळच्या हुसेनभाईंच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. उत्तमराव सोबत होतेच.

"येच्यात हवा भरायची?" हुसेनभाईंनी नळकांडं फिरवून पाहिलं. "चचा, ये गाडी कौनसी है?"

"बोट आहे."

त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. पाच मिनिटांत टबाभोवती गर्दी जमली. कोर्टातून अविनाश काळ्या कोटातच आला आणि त्याच्यामागे त्याचे दोन पक्षकार. मी एक तोंड बोल्ट लावून बंद केलं, हुसेनभाईंनी दुसरीकडून हवा सोडली आणि आम्ही कूलर काळ्या पाण्यात बुडवला. सगळे वाकले.

एक बुडबुडा वर आला. "आला, आला!" असा गलका झाला. हुसेनभाईंनी बोट लावून दाखवलं, बुडबुडा त्यांच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाचा होता. त्यांनी तो घट्ट केला. मग आम्ही कूलर उलटा केला, सुलटा केला, हलवला. पाणी शांत राहिलं.

"एकदम पक्का है, चचा," हुसेनभाई म्हणाले. "कुछ नै हुआ इसको."

"बाबा, ही आनंदाचीच गोष्ट आहे ना?" अविनाशने विचारलं.

"आनंदाची आहे," मी म्हटलं, "पण माझ्या उपयोगाची नाही."

हुसेनभाईंनी आम्हाला चहा पाजला आणि बोट सुरू झाली की एकदा बसायला येईन म्हणाले. परतताना उत्तमरावांनी वाटेत मोसंबी घेतली, सोलून माझ्या हातावर ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. माझ्या कालच्या घोषणेबद्दल चकार शब्द नाही. असा व्याही मिळायला नशीब लागतं. उतरताना मात्र म्हणाले, "इवाई, तीन दिसांनी सकाळी काठावर बैठक हाय बोटीची. मी लई दिवस थोपवून धरलं लोकायला. आता ऐकावं लागंल."

मीराबाई

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स नव्या तेलाने धुऊन काढली आणि पुन्हा भरली. नशिबाने आतल्या प्लेटा अजून शाबूत होत्या. मग मी, रंगनाथ आणि ढवळी दिवसभर नदीत फेऱ्या मारत राहिलो. प्रत्येक फेरीनंतर मी काडी बघायचो. लाल. पुन्हा लाल. पलीकडच्या काठावर कापूस असा फुटला होता की डोळे दिपावेत. बगळे पाण्यात उभे राहून आमच्याकडे, रिकाम्या फेऱ्या मारणाऱ्या या दोन म्हाताऱ्यांकडे, बघत होते.

अलीकडच्या काठावर एक बाई कपाळावर हात धरून पलीकडे पाहत उभ्या होत्या. काटक अंग, बारीक डोळे. बोट काठाला लावली तेव्हा सायलीने ओळख करून दिली, या मीराबाई.

"बसता का?" मी म्हटलं. "चांगली चाललीय."

"भाऊ, तुमची बोट गुनाची हाय. पर आजारी मानसाच्या खांद्यावर बसून कुनी नदी पार करतं का?" त्या पाण्याकडे न बघता बोलत होत्या. "म्या एकदा खाली जाऊन आलेय. खालचा उजेड हिरवा असतो. वर काय चाललंय त्ये दिसतं, पर आवाज येत न्हाई. पुन्यांदा न्हाई जायचं मला तिकडं."

मी हातातली काडी पुसत राहिलो.

"तुमची काडी लाल राहू द्या आधी," त्या म्हणाल्या. "मंग बघू."

दिवस मावळायला आला तेव्हाही काडी लाल होती. उत्तमरावांचं बोलावणं आलं. मी हात धुतले, घरी गेलो आणि तहाप्रमाणे चार लोकांत बसलो. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. गयाबाईंनी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. मी खुशीत होतो.

सकाळी पहिली फेरी मारून काडी काढली. गुलाबी.

काठावर पाच-सहा जण उभे होते. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. एक जण हळू आवाजात म्हणाला, "समुद्राची वस्तू समुद्रालाच बरी." मीराबाईंनी एकदा काडीकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून घराकडे वळल्या. सायली माझ्याजवळ येऊन बसली. मला फार वाईट वाटलं, सरळच सांगतो. मुलगी दूर दिली की बापाच्या हातात तिच्यासाठी करण्यासारखं थोडंच उरतं. हे एक मला करता येण्यासारखं होतं, आणि तेही जमत नव्हतं.

"बाबा," सायली म्हणाली, "काल दिवसभर लाल होतं ना?"

"होतं."

"मग चालताना पाणी शिरत नाही. संध्याकाळी उभी राहिल्यावर शिरतं. तेव्हा तिच्याजवळ कोण असतं?"

दिवसा मी असतो. संध्याकाळी मी व्याह्यांच्या ओट्यावर चहा पीत असतो.

दिवेलागणी

गिअरबॉक्स पुन्हा धुऊन भरली. आता माझ्याकडे शेवटचा डबा उरला होता. ऊन उतरेपर्यंत बोट फिरवली. मग चहाचं बोलावणं आलं आणि मी येत नाही म्हणून सांगितलं. घरी खळबळ उडाली असणार. मी बाभळीखाली दगडावर बसून राहिलो.

रंगनाथने ढवळी काठाला लावली, खुंट्याला बांधली आणि इंजिनावरचं फळीचं झाकण उचललं. तिच्या बाजूवर दोनदा थाप मारली. "दमलीस ना माय? आज लई पळवलं तुला." मग बादली नदीत बुडवून भरली आणि तापलेल्या इंजिनावर, गिअरबॉक्सवर भसाभसा ओतली. चर्र आवाज होऊन वाफ निघाली. त्याने दुसरी भरली.

"थांब!" मी असा ओरडलो की काठावरचे बगळे उडाले.

रंगनाथ बादली धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात उत्तमराव स्वतः किटली घेऊन उतारावरून येत होते. इवाई चहाला येत नाहीत म्हटल्यावर चहाच नदीवर आणला होता त्यांनी.

"रोज करतोस हे?" मी विचारलं.

"रोज. बरसात संपल्यापासून एक दिस चुकवला न्हाई." त्याला माझा प्रश्नच कळत नव्हता. "दमून आलेलं जनावर धुतल्याबिगर बांधू न्हाई, ह्ये बापानं शिकवलं. पाव्हणं, ती दिवसभर आपल्यासाठी राबती. तिला तशीच कशी सोडायची?"

मी त्याला काडीचं झाकण दाखवलं. त्यावर एक बारीक भोक असतं. चालून तापली की गिअरबॉक्स त्यातून हवा बाहेर टाकते. गार होताना तीच हवा परत आत ओढते. अगदी श्वास घेतल्यासारखं. आणि नेमकं त्या वेळी वरून थंड पाण्याची बादली पडली, की श्वासाबरोबर पाणी पोटात जातं. रोज थोडं थोडं. आमच्या बंदरावर इंजिनाला पाणी लागू देत नाहीत. डिझेलच्या फडक्याने पुसतात. पाणी घालणाऱ्याला शिव्या बसतात. असं कोणी करत असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि इथे पाणी घालणं हीच माया होती. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण देणार कोणाला?

रंगनाथ बादली ठेवून काठावर बसला. "म्हंजी म्याच पाजलं तिला."

उत्तमरावांनी किटली खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. "रंगा, नांगर सोडल्या सोडल्या तू बैलाच्या अंगावर पानी घालायचा का?"

"छ्या! घाम जिरू द्यावा लागतो आधी. न्हाई तर जनावर आखडतं."

"मंग?"

रंगनाथने ढवळीकडे पाहिलं. "हिला घाम येतो ह्येच ध्यानात न्हाई आलं," तो म्हणाला, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी कपात चहा ओतला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. व्याह्यांच्या चहाचा मान मी दुसऱ्याला दिला, तरी उत्तमरावांनी हसून मला दुसरा कप भरून दिला.

अजून उजेड होता. तेल पुन्हा काढलं, शेवटचा डबा ओतला, एक लांब फेरी मारून बोट चांगली तापवली आणि तशीच कोरडी बांधली. रंगनाथला घरी जावेना. ती निवाली तेव्हा त्याने सुक्या फडक्याने तिला पुसलं आणि पुसताना बोलत राहिला. घरी गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काखेत कळसा न् गावाला वळसा! टबात बुडवाया अंबडला गेल्ते दोघं इवाई!"

पलीकडे

बैठकीला सगळी घरं आली होती. आम्ही आधी रिकामी फेरी मारून आलो. काडी मी काढली, पण बघितली नाही. मीराबाईंपुढे धरली.

त्यांनी काठावर वाऱ्याने अडकलेला कापसाचा एक पुंजका उचलला आणि काडीच्या टोकाला लावला. पांढऱ्या कापसावर डाग उमटला तो लालभडक. त्यांनी तो वास घेऊन पाहिला, उन्हात धरून पाहिला, मग शेजारणीला दिला. पुंजका हातोहात फिरला. विकण्याचा विषय कोणी काढलाच नाही. आदल्या दिवशी समुद्राची वस्तू म्हणणारे गृहस्थ मला विचारू लागले, कोकणात अजून एखादी मिळंल का?

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. गयाबाईंनी गिअरबॉक्ससाठी झूल शिवली. वरून जुन्या लुगड्याचं कापड, त्याला आरसे, आणि आतून खताच्या गोणीचं प्लास्टिक. चालू करताना काढायची, निवाल्यावर घालायची. आमच्या बंदरावर मी तिचा फोटो दाखवला तेव्हा ताप बघणाऱ्यानेच पुन्हा माझ्या कपाळाला हात लावला. घरी बोलताना माझ्या तोंडून अधूनमधून "मंग" जातं. बायको म्हणते, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. आणि सायलीचा फोन आला की मी आधी बोटीची चौकशी करतो, मग जावयाची.

पण मला सांगायचं आहे ते बैठकीनंतर माणसं घेऊन निघालेल्या पहिल्या फेरीचं. मीराबाई वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या कंबरेला बांधून काठावर आल्या, मागे सात-आठ बायका. मीराबाईंनी एक पाय बोटीत ठेवला आणि थांबल्या. रंगनाथने सुकाणू सोडून हात पुढे केला. ज्या हाताने त्यांना पाण्यातून ओढलं होतं, तोच. त्यांनी तो धरला, आत आल्या आणि मधोमध, इंजिनाच्या अगदी जवळ बसल्या. सायली त्यांच्याशेजारी, मी समोर.

ढवळी निघाली. घुंगरं वाजायला लागली. मीराबाईंनी फळी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. अर्ध्या नदीत आलो. त्यांनी एक हात सोडला. थोड्या वेळाने तो कडेवरून खाली नेला, वर्षभर जिच्याकडे पाहिलं नव्हतं त्या नदीत बुडवला आणि तळहातात पाणी वर घेतलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग वळून, मोठ्या भक्तिभावाने, ते पाणी गिअरबॉक्सवर शिंपडायला हात उचलला.

"न्हाई! न्हाई!" सगळी बोट एकदम ओरडली. सर्वांत मोठा आवाज रंगनाथचा.

मीराबाई दचकल्या, हातातल्या पाण्याकडे बघितलं आणि हसायला लागल्या. ते पाणी टाकायचं कुठे हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ते सरळ माझ्या तोंडावर मारलं. गोडं पाणी होतं. सायली हसून हसून त्यांच्या खांद्यावर कलंडली, आणि हे हसू तिचं नेहमीचं होतं.